हिरवं करायची घाई

"ताई, गिझरची तक्रार करून अकरा दिवस झाले. गिझर लावला की नळाला झिणझिण्या येतात. कुणी बघायलाच येत नाही."

गेल्या सेमिस्टरला रात्री साडेनऊच्या सुमारास फर्स्ट इयरची एक मुलगी माझ्या दारात उभी राहून हे सांगत होती. माझ्याच दारात का? तर हॉस्टेलची जुनी तक्रारवही बंद करून तिच्या जागी जे वेब ॲप ट्रायलवर सुरू केलं होतं, ते आमच्या ग्रुपचं. थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट! तिने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर हिरव्या पट्टीत लिहिलं होतं, 'तुमची तक्रार नोंदवली आहे', आणि खाली तक्रार नंबर. मी लॅपटॉप उघडून इलेक्ट्रिशियनची यादी काढली. तळमजला पाहिला, पहिला, दुसरा, तिसरा मजला पाहिला. तक्रार कुठेच नाही.

त्याच रात्री मावशींना उठवून आम्ही त्या गिझरचा मेन स्विच बंद करून घेतला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन काकांनी कव्हर उघडलं आणि अर्थिंगची सुटलेली वायर दाखवली. काही विपरीत झालं नाही, कारण घाबरून ती बिचारी अकरा दिवस थंड पाण्याने आंघोळ करत होती. आमच्या हुशारीमुळे नव्हे.

हा लेख त्या हरवलेल्या तक्रारीबद्दल आहे. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'व्हॅलिडेशन'ला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नाही, आणि विचारलं तर आमच्या संपादक मंडळालाही सांगता आलं नाही. तेव्हा माझं ऱ्हस्व-दीर्घ आणि मधे मधे येणारं इंग्लिश सांभाळून घ्या.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. आमचं ॲप 'रूबी ऑन रेल्स' या फ्रेमवर्कवर आहे. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी ते २००४ साली लोकांसमोर आणलं. त्यात प्रत्येक टेबलासाठी एक मॉडेल असतं. आमची तीन मॉडेल्स होती: रूम, स्टुडंट आणि कम्प्लेंट. या तिघांची एकमेकांशी नाती असतात. एका रूममध्ये अनेक स्टुडंट, याला म्हणतात 'हॅज मेनी'. प्रत्येक कम्प्लेंट एका स्टुडंटची आणि एका रूमची, याला म्हणतात 'बिलॉंग्ज टू'. मग मॉडेलमध्ये नियम लिहायचे, की मजकूर रिकामा चालणार नाही, रूमशिवाय तक्रार चालणार नाही वगैरे. हे झालं व्हॅलिडेशन. आणि हे नियम खरोखर पाळले जातायत का, ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे टेस्ट. पास झाली की हिरवा ठिपका, नापास झाली की लाल 'एफ'.

प्रोजेक्ट मुळात सिनिअर्सकडून वारसाहक्काने आलेला, रेल्सच्या चौथ्या आवृत्तीतला. आम्ही तो नव्या आवृत्तीवर आणला. आता यात एक मेख आहे. २०१६ साली रेल्सची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा एक डीफॉल्ट बदललं. त्यापुढे 'बिलॉंग्ज टू' लिहिलं की समोरची वस्तू खरोखर असलीच पाहिजे, नसली तर रेकॉर्ड सेव्ह होणार नाही. आधी हा नियम आपला आपण लिहावा लागायचा. सिनिअर्सनी तो लिहिला होता: 'रूम आयडी रिकामा नको'. आम्ही म्हटलं, आता रेल्स स्वतःच बघतंय ना, मग ही जुनी ओळ कशाला? ओळ उडवली. नवीन डीफॉल्ट चालू केलं. टेस्ट चालवल्या. १४ पैकी ९ लाल!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिव्ह्यू.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. रात्रीचे दोन वाजलेले, मेसमधून आणलेला चहा थंड झालेला. आमच्यातल्या एकीने कुठेतरी वाचलं होतं की 'ऑप्शनल ट्रू' एवढे दोन शब्द नात्यापुढे लिहिले की रेल्स गप्प बसतं. तिने ते लिहिले. सगळे ठिपके हिरवे! आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. सकाळी सरांनी हिरवे ठिपके पाहिले, "गुड" म्हणाले, मार्क दिले. मला तेव्हाही आत कुठेतरी टोचत होतं की नऊ टेस्ट एकाच वेळी का पडल्या, हे आपल्यापैकी एकीलाही माहीत नाही. मी बोलले नाही. ही माझी चूक आहे, ग्रुपची नाही.

कारण त्या दोन शब्दांनी आम्ही काय केलं? जुना पहारेकरी आधीच काढला होता, नव्याला झोपेची गोळी दिली. आता रूम नसलेली तक्रारही आरामात सेव्ह होणार. ती फर्स्ट इयरची मुलगी वेटिंग लिस्टवर होती. रूम अलॉट झालेली नाही, म्हणून गेस्ट रूममध्ये तात्पुरती सोय केलेली. ॲप तक्रारीत रूम भरायचं ते मुलीच्या रेकॉर्डवरून. तिला रूमच नाही, म्हणून तक्रारीतही रूम रिकामी. आणि इलेक्ट्रिशियनची यादी मजल्याप्रमाणे, म्हणजे कम्प्लेंट आणि रूम ही दोन टेबलं जोडून काढलेली. ज्या तक्रारीला रूम नाही, ती अशा जोडणीत गळून पडते. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. डेटाबेसमध्ये तक्रार आहे, मुलीच्या स्क्रीनवर हिरवी पट्टी आहे, आणि ज्याला ती दिसायला हवी त्याला ती दिसत नाही.

मित्रमैत्रिणींनो, इथे माझा मुद्दा सुरू होतो. व्हॅलिडेशन चालू असतं तर तिची तक्रार नोंदलीच गेली नसती. पण ते तिला तिथल्या तिथे लाल अक्षरात कळलं असतं, आणि ती जिना उतरून थेट ऑफिसमध्ये गेली असती. तोंडावर मिळालेला नकार परवडतो, खोटा होकार परवडत नाही.

असं आपण का करतो? मला वाटतं, ही सवय आपल्याला कॉम्प्युटरने लावलेली नाही. फर्स्ट इयरचं न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल आठवा. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवी. आमच्या बॅचमध्ये किती जणींचं उत्तर ५८९३ च्या आसपास आलं? सगळ्यांचं! मायक्रोस्कोप डगमगता, डोळे झोपाळलेले, तरी उत्तर सोन्यासारखं. कारण उत्तर आधी आणि रीडिंग मागाहून लिहिलेलं. शाळेत तर लाल शाईचा पेपर घरी सही करून आणावा लागायचा, तेव्हापासून लाल म्हणजे लपवायची गोष्ट हे डोक्यात पक्कं बसलंय. मग टेस्ट लाल झाली की आपण विचारत नाही "का?", आपण विचारतो "हिरवी कशी होईल?" हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत.

असो. गिझरच्या प्रकरणानंतर आम्ही ते 'ऑप्शनल ट्रू' काढलं. पुन्हा ९ लाल. या वेळी मात्र ठरवलं की प्रत्येक लाल टेस्ट काय म्हणतेय ते ऐकायचं. यात चार संध्याकाळी गेल्या. त्यातून जे शिकले ते सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, टेस्टला बोलतं करा. 'व्हॅलिड आहे का' एवढंच विचारलं तर ती फक्त सांगते की ट्रू हवं होतं, फॉल्स आलं. पेशंट म्हणतो दुखतंय, पण कुठे ते सांगत नाही! रेल्समध्ये प्रत्येक रेकॉर्डबरोबर एररची यादी असते. ती टेस्टच्या मेसेजमध्ये छापायची. आम्ही छापली आणि नऊच्या नऊ टेस्ट एकच वाक्य बोलल्या: 'रूम मस्ट एक्झिस्ट'. नऊ रोग नव्हतेच, एकच होता.

दुसरी गोष्ट, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तक्रारीची टेस्ट पडतेय म्हणून आम्ही तक्रारीचंच मॉडेल उलटंपालटं करत बसलो होतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! नात्यातली मॉडेल्स असतील तर सुरुवात मूळ वस्तूपासून करायची. आधी रूम बरोबर आहे का, मग स्टुडंट, मग कम्प्लेंट. प्रत्येक मॉडेलची पहिली टेस्ट एवढीच असावी, की आपण नमुना म्हणून घेतलेलं रेकॉर्ड मुळात व्हॅलिड आहे.

आमचं नव्हतं. आणि इथेच खरा झोल सापडला. टेस्टसाठी नमुन्याचा डेटा ज्या फाइलमध्ये लिहितात त्याला फिक्श्चर म्हणतात. त्यात प्रत्येक रेकॉर्डला एक लेबल असतं, आणि नातं सांगताना नुसतं लेबल लिहायचं. आमच्या रूमच्या फाइलमध्ये लेबल होतं 'बी२०४'. तक्रारीच्या फाइलमध्ये लिहिलं होतं 'बी अंडरस्कोअर २०४'. फरक एका आडव्या रेघेचा. आता गंमत बघा. रेल्स त्या लेबलच्या अक्षरांवरूनच हिशेब करून एक आकडा बनवतं आणि तो आयडी म्हणून टाकतं. लेबल चुकीचं असलं तरी आकडा बनतोच. शिवाय फिक्श्चर थेट डेटाबेसमध्ये भरली जातात, व्हॅलिडेशनच्या दारातून येतच नाहीत. टेबलावर फॉरेन की लावली असती, तर नव्या रेल्समध्ये फिक्श्चर भरताना ही चूक पकडायची सोय आहे. आम्ही ती लावलीच नव्हती.

म्हणजे सिनिअर्सच्या काळापासून आमच्या टेस्ट एका अशा खोलीवर पास होत होत्या, जी अस्तित्वातच नव्हती! 'रूम आयडी रिकामा नको' हा जुना नियम फक्त आकडा आहे की नाही ते बघायचा. त्या आकड्याची खोली आहे की नाही, हे कधी कुणी विचारलंच नाही. चिठ्ठीवर पत्ता लिहिलाय म्हणजे त्या पत्त्यावर घर आहे असं होत नाही. नव्या आवृत्तीने पहिल्यांदा दार ठोठावून बघितलं, आतून आवाज आला नाही, आणि तिने आम्हाला तसं सांगितलं. आम्ही काय केलं, तर सांगणारीचंच तोंड बंद केलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त हादरवून गेली. त्या रात्री ज्या ५ टेस्ट हिरव्या होत्या, त्यांचं काय? त्यातल्या ४ उलट्या टेस्ट होत्या. उदाहरणार्थ, 'मजकूर रिकामा असेल तर तक्रार नापास झाली पाहिजे'. आम्ही प्रयोग म्हणून मॉडेलमधून मजकुराचा नियमच काढून टाकला. टेस्ट तरीही हिरवी! कारण तक्रार नापास होतच होती, पण ती रूम नसल्यामुळे, मजकुरामुळे नाही. म्हणजे लाल टेस्ट खरं बोलत होत्या आणि हिरव्या टेस्ट खोटं. यावर उपाय सोपा आहे. नमुना आधी पूर्ण बरोबर करायचा, मग त्यातली एकच गोष्ट बिघडवायची, आणि नुसतं 'नापास झाली का' असं न विचारता 'मजकूर या खान्यावर एरर आली का' असं विचारायचं.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. टेस्टची तयारी करताना साधं 'सेव्ह' वापरू नका. ते जमलं नाही तर गुपचूप फॉल्स देतं आणि पुढे भलतीकडेच काहीतरी फुटतं. उद्गारचिन्हवालं 'सेव्ह' वापरा, ते जागच्या जागी ओरडतं. आणि नवीन रूम व तिच्यात राहणारी मुलगी एकदम सेव्ह करणार असाल तर 'रूम आयडी' तपासू नका, 'रूम' तपासा. कारण त्या क्षणी रूमलाच अजून आयडी मिळालेला नसतो.

आता तुम्ही म्हणाल, एका आडव्या रेघेसाठी एवढं रामायण? रेघ दुरुस्त केली, ९ टेस्ट हिरव्या झाल्या, विषय संपला. पण संपला नाही ना! ती मुलगी अजून गेस्ट रूममध्येच होती. तिने पुन्हा तक्रार केली असती तर आता ॲपने तिला चक्क नकार दिला असता. हे बरोबर आहे का? हा प्रश्न रूबीचा नाही, रेल्सचाही नाही. रूम नसलेल्या मुलीला तक्रार करता यावी की नाही, हा हॉस्टेलचा प्रश्न आहे. तो घेऊन आम्ही रेक्टर मॅडमकडे गेलो. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "आणि जिन्यातला बल्ब गेला तर तो कुठल्या रूमचा?" आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो.

तेव्हा कुठे लक्षात आलं की आमचं नातंच चुकीचं होतं. तक्रार रूमची नसते, तक्रार जागेची असते. जागा म्हणजे रूम, गेस्ट रूम, जिना, बाथरूम, मेस, काहीही. आम्ही 'जागा' असं चौथं मॉडेल केलं, त्याला मजला दिला, आणि तक्रारीला जागा सक्तीची केली. रूम मात्र मुलीच्या बाबतीत ऑप्शनल ठेवली, कारण वेटिंग लिस्टवरची मुलगी ही खरीच गोष्ट आहे. बघा, तेच 'ऑप्शनल ट्रू'! पण या वेळी ते विचारून लिहिलंय, टेस्टला गप्प करायला नाही.

हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं आहे असंही नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून गायब झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, आणि ते आकडे वापरणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद धरले होते. आकडा होता, फक्त त्याचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला. दोन भागांच्या मधल्या नात्याकडे कुणी नीट बघितलं नाही, की असं होतं.

यावर मैत्रिणींचा नेहमीचा आक्षेप: "अगं, रिव्ह्यू सकाळी दहाला असताना हे तत्त्वज्ञान कोण करत बसणार?" आक्षेप खरा आहे, मी तो हसण्यावारी नेणार नाही. रात्री दोन वाजता सगळं सुटतच असं नाही. पण अशा वेळी खोटं हिरवं करण्याऐवजी टेस्टमध्ये 'स्किप' लिहिता येतं, पुढे कारण लिहून. मग ती पिवळी दिसते आणि शेवटच्या मोजणीत 'इतक्या टेस्ट वगळल्या' असं येतं. सरांना सांगायचं, "सर, या नऊ का पडतायत ते अजून कळलेलं नाही." दोन मार्क जातील कदाचित. पण ती तक्रार हरवली नसती.

म्हणूनच आमच्या सर-मॅडमनाही एक नम्र विनंती. रिव्ह्यूला हिरवे ठिपके मोजू नका. मॉडेलमधली एक ओळ तुम्ही स्वतः खोडा आणि म्हणा, "आता चालव." टेस्ट लाल झाली तर ती खरी. नाही झाली तर ती शोभेची. या युक्तीला 'म्युटेशन टेस्टिंग' असं भारदस्त नाव आहे, पण करायला एक मिनिट पुरतं. केंट बेक यांनी २००२ च्या आपल्या टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटच्या पुस्तकात हाच क्रम सांगितलाय: टेस्ट आधी लाल झालेली बघायची, मग हिरवी करायची. आणि जमलं तर फर्स्ट इयरच्या जर्नलमध्येही न जमलेल्या रीडिंगसाठी एक पान ठेवा, त्याला मार्क द्या. ज्या मुलीला ५४०० अँगस्ट्रॉम आले आणि ते का आले हे जिने शोधलं, ती उद्या टेस्टचं तोंड बंद करणार नाही.

आज आमच्या ॲपमध्ये ३१ टेस्ट आहेत. ३० हिरव्या आणि एक पिवळी. एखादी मुलगी हॉस्टेल सोडून गेली तर तिच्या जुन्या तक्रारींचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. सोमवारी मॅडमना विचारायचंय. तोपर्यंत ती पिवळीच राहील.